धान्यातील विषारी गोळी व पावसाळी मुलखातील तिची साठवण

भाताची झोडणी आटोपून दाणा कणगीत पडला म्हणजे शेतकऱ्याच्या जिवास स्वस्थता लाभावी, अशी सामान्य अपेक्षा असते. परंतु वसई तालुक्याच्या पूर्व अंगास, तुंगारेश्वराच्या डोंगराखाली वसलेल्या चिंचोटी, कामण आदी गावांत दुसरी काळजी तेथूनच सुरू होते. पिकविलेले धान्य सोंडे, पाकोळ्या व उंदीर यांच्यापासून आगोटीपर्यंत राखावयाचे कसे, ही ती काळजी होय. भातानंतर जमिनीच्या ओलीवर घेतलेला वाल तर भुंगेऱ्याच्या हाती सापडला म्हणजे दोन महिन्यांत त्याचा भुगा होतो. अशा वेळी कोणी शेजारी किंवा दुकानदार सल्ला देतो की, 'चार गोळ्या आणून पोत्यात टाका, सारे किडे मरतील.' सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो व किडे मरतात हेही खरे. परंतु त्या गोळीने जे मरावयाचे ते किड्यांवरच थांबते असे नाही. सबब ही गोळी कोणती, ती हवेत काय करते व तिच्यासारखी जालीम द्रव्ये शेतकऱ्याने कोठे व कशी ठेवावीत, याविषयी आमच्या वाचकांपुढे आज चार शब्द मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एका शब्दाची तक्रार केल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. तो शब्द म्हणजे 'औषध'. पिकावर फवारावयाचे औषध, उंदराचे औषध, धान्याचे औषध, असे आपण सर्रास म्हणतो. खोकल्याचे औषध ज्या फळीवर, तिच्याच शेजारी हे दुसरे 'औषध' जाऊन बसते, त्याचे निम्मे कारण या नावात आहे. दुकानातून आणलेल्या वस्तूस घरात विष असेच म्हटले, तर ती कोठे ठेवावी हे घरातील पोरासही सांगावे लागणार नाही. या लेखात आम्ही तो शब्द वापरणार नाही.

धान्यातील गोळी ही ॲल्युमिनियम फॉस्फाइड या द्रव्याची केलेली असते. ती करड्या रंगाची, साधारणतः ३ ग्रॅम वजनाची असून तिच्यातील मूळ द्रव्याचे प्रमाण ५६ टक्के असते. गोळी स्वतः किड्यास मारीत नाही. तिला हवेतील ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटू लागतो व तो किड्याच्या श्वासावाटे आत जाऊन प्राण घेतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून अदमासे १ ग्रॅम वायू निघतो. शेवटी मागे राहते ती राखेसारखी पांढुरकी भुकटी. तीतही न विरघळलेला थोडा अंश शिल्लक असू शकतो, म्हणून ती भुकटी हाताने झटकून चुलीत टाकणे धोक्याचे असते. जो वायू किड्याच्या शरीरातील प्राणवायूचा उपयोग बंद पाडतो तोच माणसाच्या, गुराच्या व कोंबडीच्या शरीरातही तेच काम करतो. हृदय, फुप्फुसे व मेंदू यांस प्राणवायूची गरज अधिक, म्हणून त्यांस प्रथम इजा पोहोचते.

या वायूची ओळख आमच्या भागातील जुन्या माणसांस एका आडवाटेने आहेच. कार्बाइडची बत्ती ज्यांनी पाहिली आहे, किंवा कार्बाइड घालून केळी पिकविण्याची चाल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांस लसणासारखा तो उग्र दर्प आठवेल. कार्बाइडपासून निघणाऱ्या शुद्ध वायूस स्वतःचा असा विशेष वास नसतो. बाजारी कार्बाइडात जी मळ असते तिच्यातून हाच फॉस्फीन लेशमात्र निघतो व तो दर्प मुख्यतः त्याचा असतो. (कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने मनाई आहे, हे वसईच्या केळीवाल्यांस आम्ही सांगावयास नको.) मात्र वास येतो म्हणून आपण वेळीच सावध होऊ, या भरवशावर कोणी राहू नये. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. जो येतो तो त्यातील भेसळ द्रव्यांचा. धान्याच्या थरांतून वायू झिरपत जाताना ती भेसळ मागे राहून गेली, तर घातक हवा बिनवासाची असू शकते. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी अमेरिकेतील नियमांनी या वायूची मर्यादा हवेच्या दहा लक्ष भागांत ०.३ भाग एवढीच ठेविली आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व तितक्याच उंच बंद खोलीत एका गोळीचा सारा वायू कोंडला, तर हिशेबाने तो या मर्यादेच्या ऐंशीपटींच्या घरात जातो. चार गोळ्यांचा सल्ला देणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

आता ही वस्तू आपल्या मुलखात विशेष धोक्याची का, ते पाहू. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी हवा कोरडी असते, तेथे उघडी पडलेली गोळी हळूहळू वायू सोडते. कोकणपट्टीत मृगापासून हस्तापर्यंत भिंती पाझरतात, मिठास पाणी सुटते, काड्यापेटीची काडी ओढता पेटत नाही. अशा हवेत फुटकी डबी किंवा कागदात गुंडाळलेली सुटी गोळी कोणी हात न लावताही आपले काम सुरू करते. कारखान्यातून ती निघते तेव्हा हवाबंद डब्यात किंवा पाकिटात असते. एकदा तोंड उघडल्यावर झाकण घट्ट लावले तरी आत शिरलेली दमट हवा आतच राहते व डब्यात वायू साठत जातो. पुढे कधी तो डबा उघडला म्हणजे तोंडावर एकदम भपकारा येतो. क्वचित तो पेटही घेतो, कारण हवेत या वायूचे प्रमाण शेकडा १.८ च्या वर गेले म्हणजे तो ठिणगीवाचून पेटू शकतो. पाण्याचा संबंध तर याहून वाईट. पुष्कळ गोळ्या एकदम भिजल्या तर वायू इतक्या वेगाने सुटतो की आग व स्फोट दोन्ही संभवतात. म्हणून अशा आगीवर पाणी ओतणे म्हणजे तेल ओतणे होय. कोरडी वाळू किंवा कोरडी भुकटीच वापरावी लागते.

पाण्याविषयीचे हे अज्ञान किती महाग पडते, याचे एक उदाहरण दूरदेशीचे असले तरी सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात अमॅरिलो या शहरी एका कुटुंबाच्या घराखाली किडे व उंदीर मारण्यासाठी याच जातीच्या गोळ्या टाकल्या होत्या. दर्प येऊ लागला म्हणून घरच्या माणसाने त्या पाण्याने धुऊन काढण्याचा प्रयत्न केला. २०१७ च्या जानेवारीत घडलेल्या या प्रकारात घरातील चार मुले दगावली. वास येतो ते धुऊन टाकावे, ही बुद्धी कोणत्याही स्वच्छताप्रिय घरात सहज होणारी आहे. आमच्याकडच्या घरांत तर विशेषच, कारण सारवणे व धुणे हा आमचा नित्याचा धर्म आहे.

चिंचोटीच्या परिसरासंबंधी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली पुराची. डोंगरावरचे पाणी धबधब्याने उतरून ओढ्यांनी खाली येते व खाली वसईची खाडी भरतीला असली तर त्यास वाट मिळत नाही. २०१८ च्या जुलैत वसई तालुक्यातील सखल भागांत दिवसचे दिवस पाणी राहिले होते. त्या पाण्यात घरातील पोती, पिंपे, डबे तरंगतात, तेव्हा खाटेखाली ठेवलेली विषाची डबीही भिजल्यावाचून राहत नाही. आणि घरची माणसे त्याच वेळी पाण्याच्या भयाने दारे-खिडक्या लावून माळ्यावर बसलेली असतात. दुसरी गोष्ट घरांच्या रचनेची. वालीव, सातिवली, कामण या पट्ट्यात कारखाने वाढल्यापासून शेतकऱ्याच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची चाळ उभी राहिली आहे. एका खोलीची भिंत ती दुसरीची भिंत, आणि वरचे पत्रे सलग. फॉस्फीन हा हवेहून किंचित जड वायू असून तो भिंतीच्या भेगांतून, फळ्यांच्या फटींतून व पत्र्याखालच्या पोकळीतून बिनबोभाट पलीकडे जातो. म्हणजे एका बिऱ्हाडाने ढेकूण मारण्यासाठी गोळी ठेवून बाहेर निघून जावे व झळ शेजारच्या बिऱ्हाडातील निजलेल्या मुलास लागावी, असा हा मामला आहे. घर ज्याचे, त्या शेतकऱ्याने आपल्या भाडेकरूंस ही गोष्ट चार दिवसांच्या आत सांगावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

कायद्याने या गोळीवर पुष्कळ बंधने घातली आहेत. केंद्र सरकारने २००१ साली १० व २० गोळ्यांच्या नळ्यांची निर्मिती व विक्री पूर्णपणे बंद केली. शेतकरी ज्या लहान नळ्या खिशात घालून घरी नेत असे, त्याच या नळ्या होत. या द्रव्याने धुरी देण्याचे काम सरकारी खाती, सरकारी संस्था व परवानाधारक कीडनियंत्रक यांनीच, तेही मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाचे आहे. सामान्य गृहस्थाने ती विकत घेऊन घरी वापरावी, अशी योजना कायद्यात कोठेही नाही. असे असूनही सुट्या गोळ्या हातोहात मिळतात, हे उघड गुपित आहे. विकणाऱ्यास आम्ही दोष देतोच, परंतु मागणारा आहे म्हणून विकणारा आहे, एवढेही आपण आपल्याशी कबूल केले पाहिजे. जी वस्तू गिऱ्हाईकास माहितीपत्रकावाचून, मूळ वेष्टनावाचून, पुडीत बांधून दिली जाते, ती घेऊच नये.

समजा, घरात हा वायू सुटला आहे, तर ओळखावे कसे? डोके दुखणे, मळमळ, वांत्या, खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे, चक्कर व अतिशय गळाठा ही त्याची लक्षणे होत. यांतील घातक गोष्ट अशी की, ही लक्षणे शिळ्या अन्नाने झालेल्या बाधेसारखीच दिसतात. एकाच घरातील तीन-चार माणसांस पहाटे वांत्या सुरू झाल्या म्हणजे रात्रीच्या जेवणावर संशय जातो व सारी मंडळी त्याच बंद खोलीत लिंबाचे पाणी पीत पडून राहतात. अशा वेळी घरात किंवा शेजारी धान्यात, ढेकणांसाठी अथवा उंदरांसाठी काही ठेविले आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर संशयास्पद असले तरी सर्वांस, विशेषतः मुलांस, तत्काळ उघड्या हवेत काढावे, दारे-खिडक्या उघडाव्या व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणूस आत असेल तर धाडसाने बंद खोलीत शिरणाराही तेथेच कोसळण्याचा संभव असतो, म्हणून अग्निशमन दलास कळवावे. तोंडावर बांधलेला ओला रुमाल या वायूस अडवीत नाही. इस्पितळात जाताना वेष्टनावरचे नाव लिहून अगर टिपून न्यावे, उरलेल्या गोळ्या मात्र गाडीत घेऊन जाऊ नये. या वायूवर उतारा असे नेमके द्रव्य वैद्यकास ठाऊक नाही, श्वास व हृदय सांभाळण्याचेच उपचार करावे लागतात, म्हणून वेळ हाच मुख्य उपाय. याउलट फवारणीच्या ज्या विषांत फॉस्फरसयुक्त सेंद्रिय द्रव्ये असतात, त्यांवर ॲट्रोपीनसारखी उताऱ्याची द्रव्ये उपलब्ध आहेत. कोणते विष हे डॉक्टरास ठाऊक होणे म्हणूनच निकडीचे. 'काहीतरी औषध होते' एवढ्याने त्याचे काम भागत नाही.

गोळीचा विचार येथवर झाला. परंतु वसईच्या वाड्यांत भाजी, केळी, फुले व पानवेली यांसाठी जी द्रव विषे येतात, त्यांच्या साठवणीचा दोष याहून निराळ्या जातीचा आहे. ती पाण्याने पेटत नाहीत, पण भांडे बदलतात. लिटरभर विष शेजाऱ्याशी वाटून घ्यावयाचे म्हणून अर्धे पाण्याच्या बाटलीत ओतले जाते. रिकामा झालेला सुबक डबा टाकवत नाही म्हणून त्यात रॉकेल, पुढे तेल, आणि एखादे दिवशी ताक भरले जाते. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारच्या जेवणाने २३ मुले मरण पावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे पिकावर फवारावयाचे विष असल्याचे तपासणीत आढळले. शेतावरचे विष शाळेच्या स्वयंपाकघरात भांड्याच्या वाटेनेच पोहोचते, दुसरी वाट त्यास नाही. हेच मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालापासून मनाई होती व २०२३ साली त्याच्या ३६ टक्के द्रवाची नोंदणीच रद्द करण्याचा हुकूम केंद्र सरकारने काढला. तथापि कित्येकांच्या वाडीत जुन्या बाटल्या अद्याप पडून असण्याचा संभव आहे. त्या असतील तर तशाच बंद ठेवून कृषी खात्याच्या तालुका कचेरीस कळवावे.

याहून जुने उदाहरण केरळचे आहे. १९५८ साली तेथे शंभरांहून अधिक माणसे गव्हाच्या पिठाने मेली. पीठ निर्दोष होते. वाहतुकीत ते पॅराथिऑन या विषाच्या सान्निध्यात आले व सांडलेले विष पिठात मुरले, एवढेच घडले होते. पुढे देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला त्यामागे या प्रकरणाचा मोठा धक्का होता. त्या कायद्याखालील १९७१ च्या नियमांत म्हटले आहे की, विषाची वेष्टने खाण्याच्या पदार्थांशी व गुरांच्या चाऱ्याशी संबंध येईल अशा रीतीने वाहू नयेत, आणि ती निराळ्या खोलीत अथवा कुलूपबंद कपाटात, कोरड्या, उजेडाच्या व वारा खेळत्या जागी ठेवावीत. हे नियम व्यापाऱ्यासाठी आहेत असे समजून शेतकरी स्वस्थ बसतो. परंतु आठवड्याच्या बाजाराहून एकाच पिशवीत मिठाची पुडी, साखर व फवारणीची बाटली घेऊन येणारा गृहस्थ केरळचाच प्रयोग लहान प्रमाणावर करीत असतो.

बाटलीवरची चौकट वाचता येणे ही आता साक्षरतेची पहिली इयत्ता मानली पाहिजे. प्रत्येक वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो व त्याचा खालचा त्रिकोण रंगविलेला असतो. तांबडा म्हणजे अतिजालीम, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. तांबड्या जातीवर कवटी व हाडांची खूणही असते. हिरव्याचा अर्थ पिण्याजोगे असा नव्हे, हे सांगावेसे वाटते, कारण तसे समजणारी माणसे आहेत. भांडे बदलले की हा त्रिकोण मागे राहतो, आणि त्रिकोणावाचून असलेले विष हे रंगीत पाणीच दिसते.

आता जागेविषयी. आमच्याकडे बहुतेक वाडीवाले विष विहिरीवरील पंपाच्या खोलीत ठेवतात. घरात नको म्हणून ठेवतात, हेतू चांगला, पण जागा याहून वाईट निवडता आली नसती. बाटली कलंडली किंवा गळाली तर ते पाणी ज्या विहिरीचे शिंपण व पिणे होते, तिच्यातच उतरते. गोठाही नको, कारण गुरे चाटतात. स्वयंपाकघर व निजावयाची खोली यांचे तर नावच काढू नये. बांधावरील खोपटाच्या किंवा अवजारांच्या पडवीच्या बाहेरील भिंतीस, पुराच्या खुणेहून उंच आणि मुलांच्या हातास न लागेल अशी, पत्र्याची एक पेटी ठोकावी, तिला वारा जाण्यास वर-खाली भोके पाडावीत व पावसाची झड लागू नये असे लहान छप्पर करावे. आत द्रव बाटल्या खालच्या फळीवर व कोरड्या भुकट्या वरच्या फळीवर ठेवाव्या, म्हणजे गळती झाली तरी कोरड्या मालावर ती पडत नाही. तण मारण्याचे विष किडे मारण्याच्या विषाशेजारी ठेवू नये. घाईत उचललेली चुकीची बाटली मिरचीची सारी वाफ जाळून टाकते. या पेटीत फॉस्फाइडच्या गोळ्या मुळीच असू नयेत, कारण त्या शेतकऱ्याकडे असावयाच्याच नाहीत.

पेटीस कुलूप असावे व किल्ली घरातील एका जाणत्या माणसाजवळ असावी. हे कुलूप चोरासाठी नव्हे. ते मुलांसाठी आहे, आणि आणखी एका प्रसंगासाठी आहे, ज्याचा उच्चार आमच्या मासिकांतून सहसा केला जात नाही. कर्ज, नापिकी, घरातील तंटा, यांनी माणूस कधी इतका कासावीस होतो की त्या घटकेपुरते त्यास पुढचे काही दिसत नाही. ती घटका टळली तर पुष्कळदा माणूस राहतो. ती टळावयास हाताशी विष नसणे, ही गोष्ट केवढी मोठी आहे हे सिंहलद्वीपाने दाखविले आहे. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास सर्वांत जालीम वर्गाची विषे शेतीतून काढून टाकली व १९९८ साली एंडोसल्फान बंद केले. पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तेवढ्याने तेथील शेतकऱ्याची कर्जे फिटली असे कोणी म्हणत नाही, परंतु माणसे जगली. ज्या घरात कोणी फार दिवस उदास, अबोल दिसत असेल, त्या घरातील विषाची पेटी काही काळ भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या वाडीत नेऊन ठेवावी. त्या माणसाशी बसून बोलावे. सरकारच्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो व तेथे मराठीत बोलता येते.

साठा किती असावा, याचे उत्तर एका शब्दात, कमीत कमी. १९८४ च्या डिसेंबरात २ तारखेच्या रात्री भोपाळ येथे जो वायू सुटला, तो शेतीसाठी विष तयार करणाऱ्या कारखान्यातला होता, ही गोष्ट आम्ही शेतकऱ्यांनी विसरू नये. कार्बारिल या कीटकनाशकासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट तेथे एका टाकीत अदमासे ४० टन साठवून ठेविले होते. तीत पाणी शिरले, थंड ठेवण्याचे यंत्र बंद होते, वायू धुऊन काढण्याची व जाळून टाकण्याची साधने वेळेस उपयोगी पडली नाहीत, आणि हजारो माणसे मेली. त्या घटनेविषयी अनेक वाद आहेत, परंतु एवढा साठा तेथे नसता तर एवढा अनर्थ झाला नसता, याविषयी वाद नाही. आपल्या पेटीसही हाच न्याय लागू पडतो. सवलतीत मिळते म्हणून पाच लिटर घेऊन ठेवण्यापेक्षा एका फवारणीपुरते आणावे व त्याच आठवड्यात संपवावे. बाटली रिकामी झाली म्हणजे तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणी पंपातच ओतावे, मग बाटलीस भोके पाडून ती निकामी करावी. भोक पाडलेल्या बाटलीत कोणी तेल भरीत नाही.

फवारताना काय काळजी घ्यावी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी वीसांहून अधिक माणसे दगावली व शेकडो इस्पितळात पडली, त्याचा सविस्तर विचार पुढे कधी करू.

राहिला मूळ प्रश्न, गोळीवाचून धान्य राखावयाचे कसे? आमचे मत असे की, आमच्या भागातील घरगुती साठ्यापुरती या गोळीची गरज जवळजवळ नाही. किड्यास ओल लागते, म्हणून दाणा वाळविणे ही निम्मी लढाई होय. भातातील ओल १२-१३ टक्क्यांवर आली म्हणजे दाणा दाताखाली कटकन तुटतो, नखाने दबत नाही. असे भात तुसासकटच ठेवावे व लागेल तसे सडून अगर भरडून घ्यावे, कारण तूस हे दाण्याचे चिलखत आहे व तांदळास किडा भातापेक्षा लवकर लागतो. कणगी शेणमातीने आतून-बाहेरून लिंपून, भेगा बुजवून, जमिनीपासून हातभर उंच लाकडी पाटावर ठेवावी. पायांस पत्र्याची टोपणे उपडी बसविली तर उंदीर चढत नाही. वालाच्या बाबतीत आजीबाईंची रीत, म्हणजे चाळलेल्या कोरड्या राखेत वाल पुरून ठेवणे, ही आजही उत्तम आहे. राख दाण्यांमधील पोकळी भरून काढते व भुंगेऱ्यास हालचाल करू देत नाही. ज्यांस राखेचा कंटाळा आहे त्यांनी हवाबंद थैल्या वापराव्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतील चवळी राखण्यासाठी तीन पदरी थैली तयार केली. आतील किडा थैलीतला प्राणवायू स्वतःच संपवितो व मरतो, विषाची गरज पडत नाही. तिला उंदीर मात्र कुरतडू शकतो, म्हणून ती कोठीत ठेवावी.

मोठा साठा असेल, गावकीच्या कोठारात शेकडो पोती एकत्र ठेवावयाची असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे धुरीचा उपयोग होतो व तो करून घ्यावा, परंतु जाणत्यांच्या हातून. केंद्रीय वखार महामंडळ मागणी केल्यास बाहेरच्या ठिकाणीही कीडनियंत्रणाचे काम करून देते व खासगी परवानाधारकही आहेत. थप्पीवर ताडपत्री घालून कडा वाळूच्या सापांनी दाबणे, दारावर सूचना लावणे, ठरलेले दिवस कोणासही आत न सोडणे, आणि शेवटी हवा मोजून मगच दार उघडणे, हे सारे काम त्यांचे. माणसे राहतात त्या इमारतीस लागून असलेल्या कोठारात मात्र कोणी कितीही परवाना दाखविला तरी धुरी देऊ देऊ नये.

या घडीला ज्यांच्या घरात गोळ्या आहेत, त्यांच्यासाठी इतकेच. त्या विहिरीत, ओढ्यात किंवा खाडीत टाकू नका. जाळू नका, पुरू नका, पाण्याने धुऊ नका. वेष्टन न फुटलेले असेल तर ते तसेच उचलून, घरापासून दूर, कोरड्या व वाऱ्याच्या जागी कुलपात ठेवावे आणि कृषी अधिकाऱ्यास अथवा विकणाऱ्यास परत नेण्याविषयी कळवावे. वेष्टन उघडे असेल, डबा फुगलेला असेल किंवा लसणासारखा दर्प येत असेल, तर हात न लावता घर मोकळे करून अग्निशमन दलास बोलवावे. धान्यात आधीच टाकलेल्या असतील तर पोते आत ओढून ठेवण्याऐवजी त्या खोलीत निजणे आजच थांबवावे, शेजाऱ्यास सांगावे, व ते धान्य तपासून घेतल्यावाचून दळावयास नेऊ नये.